लाल शाईवाल्या साहेबांस

माननीय साहेब,



आमच्या तालुक्यातल्या एका खाजगी इस्पितळात ॲडमिशनच्या काउंटरवर आपण बसता. मध्यंतरी एका केसपेपरच्या उजव्या कोपऱ्यात आपण लाल बॉलपेनने 'एचआयव्ही' लिहिलंत, पुढे अधिकचं चिन्ह काढलंत आणि त्याभोवती गोल केलात. गोल सुबक आला आहे. सरावाचा हात दिसतो.

त्या गोलाची कार्यक्षमता तर थक्क करणारी. एरवी आपल्याकडे इन्शुरन्सची फाइल दिवसेंदिवस पडून असते, डिस्चार्जच्या एका सहीला संध्याकाळ होते. ही खबर मात्र दुपारच्या चहापर्यंत वॉर्डातल्या मावशींकडे, तिथून कॅन्टीनमध्ये, कॅन्टीनमधून समोरच्या मेडिकलवाल्याकडे आणि दिवेलागणीला पेशंटच्या भावकीत पोचली होती. सर्वांत शेवटी कळलं ते पेशंटला, तेही 'सिव्हिलला घेऊन जा, आमच्याकडे सोय नाही' या वाक्यातून. पोटाचं साधं ऑपरेशन होतं. आदल्या दिवशीपर्यंत सोय होती.

(पेशंट बाई की पुरुष, वय काय, गाव कोणतं, हे मी लिहिणार नाही. वाचकांना उत्सुकता असेल तर त्यांनी ती आवरावी. आपल्याला तर सगळं पाठच आहे.)

मी चौकशीला आलो तेव्हा मी कोण, पेशंटचा कोण लागतो, हे काहीही न विचारता आपण मला सगळं मोकळेपणाने समजावून सांगितलंत. या मोकळेपणाबद्दल विशेष आभार. आपलं म्हणणं असं, की 'अहो, स्टाफच्या सेफ्टीसाठी लिहावं लागतं.'

बरं, सेफ्टीचं बघू. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. बहात्तर तासांच्या आत प्रतिबंधक औषधं सुरू केली तर तीही आणखी खाली येते. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटिस बीची सुई टोचली तर हाच धोका ३० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. त्याच्यासाठी आपण कोणती शाई ठेवली आहे? आणि ज्यांच्या फाइलवर गोल नाही त्यांचं काय? त्यांतल्या कित्येकांची तपासणीच झालेली नसते. काहींची लागण इतकी ताजी असते की रिपोर्टात ती दिसतही नाही. आपला स्टाफ मात्र कोपरा कोरा बघून उघड्या हाताने सलाइन लावायला मोकळा! म्हणूनच प्रत्येक पेशंटचं रक्त संसर्गजन्य आहे असं धरूनच काम करायचं, हा नियम आहे. त्यासाठीची साधनं आणि प्रशिक्षण स्टाफला देणं कायद्यानेच इस्पितळावर टाकलंय. अर्थात खोकाभर हातमोज्यांपेक्षा एक लाल बॉलपेन केव्हाही स्वस्त, हा हिशेब मला मान्य आहे.

कायद्याचं नाव निघालंच आहे तर सांगतो. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ सालचा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. माणसाची समजून-उमजून दिलेली संमती घेतल्याशिवाय ही तपासणी करायची नाही आणि तपासणीच्या आधी व नंतर समुपदेशन करायचं, असं तो म्हणतो. आपल्याकडे ती ऑपरेशनपूर्व तपासण्यांच्या यादीत गुपचूप बसवलेली आहे. विश्वासाने हाती आलेली माहिती लेखी संमतीशिवाय पुढे द्यायची नाही, असंही तो म्हणतो. उपचार करणाऱ्या एका डॉक्टरने दुसऱ्याला गरजेपुरतं सांगणं त्याला चालतं. मेडिकलवाला त्या यादीत नाही, मी दोनदा वाचून पाहिलं.

'पण घरच्यांना कळायला नको का?' हा आपला पुढचा प्रश्न. साहेब, जोडीदाराला सांगण्याची वाट कायद्याने ठेवलेली आहे, फक्त ती आपल्या काउंटरवरून जात नाही. सांगायचं ते डॉक्टरने किंवा समुपदेशकाने, तेही जोडीदाराला खरा धोका असेल तर. आधी पेशंटला स्वतःहून सांगायला तयार करून पाहायचं, आपण सांगणार आहोत याची त्याला कल्पना द्यायची आणि मग जोडीदाराला समोर बसवून, समुपदेशन करून सांगायचं. सांगितल्यामुळे बाईला मारहाण होईल, घराबाहेर काढतील अशी भीती असेल तर त्याची वेगळी दखल घेतली आहे. भावकीला फोन लावायची तरतूद मला कुठे सापडली नाही.

आपली परंपरा मात्र जुनी आहे. १९८९मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसूझा नावाच्या तरुणाला रक्तदानानंतर एचआयव्ही निघाला. तेव्हा त्याला पोलिसांनी उचलून नेलं आणि म्हापशाला वापरात नसलेल्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस डांबून ठेवलं. त्याच्या आईला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. डांबणाऱ्या बिचाऱ्यांना केवढा खटाटोप! पोलीस हवेत, गाडी हवी, कुलूप हवं. आपण तेच काम बॉलपेनवर भागवता, पेशंट आपल्याच घरात बंद होतो आणि सरकारचा जेवणाचा खर्चही वाचतो. त्याच उच्च न्यायालयाने १९९७मध्ये एचआयव्हीमुळे काम नाकारलेल्या एका मजुराच्या बाजूने निकाल दिला. तो निकालात फक्त 'एमएक्स' म्हणून आहे, नाव नाही. कोर्टाच्या खुल्या दालनात जे झाकून ठेवता आलं ते आपल्या दीड वितीच्या कोपऱ्यात मावलं नाही.

आता आपल्या लाडक्या सेफ्टीचंच पुढचं. सरकारी एआरटी केंद्रात एचआयव्हीवरच्या गोळ्या फुकट मिळतात, २००४पासून. रोज एक गोळी नीट घेतली आणि रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, तसाच राहिला, तर त्या माणसाकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही. म्हणजे समाजाला वाचवणारी वस्तू ती गोळी. आणि ती घेण्यासाठी लोक गावाजवळचं केंद्र सोडून एसटीने दुसऱ्या जिल्ह्यात जातात, बाटलीवरचं लेबल खरवडतात, गोळ्या व्हिटॅमिनच्या डबीत ओततात. लग्नसराईत घर पाहुण्यांनी भरलं की डबी काढायची सोय राहत नाही आणि गोळी चुकते. आपला गोल पाहिलेले दहाजण तर तपासणीलाच जाणार नाहीत. विषाणूला इतका मनोभावे मदत करणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

२०१७च्या त्याच कायद्याप्रमाणे वीस किंवा अधिक माणसं असलेल्या इस्पितळात तक्रार अधिकारी नेमावा लागतो. आपल्याकडे तो कोण, असं मी शिपायाला विचारलं. त्याने आपण बसता त्या खुर्चीकडे बोट दाखवलं. तेव्हा नाइलाजाने अर्ज थेट या कायद्याखालच्या लोकपालांकडे धाडला आहे. त्यांनी तीस दिवसांत आदेश द्यायचा असतो आणि तो न पाळणाऱ्याला दहा हजारांपर्यंत दंड आहे. पुढेही पाळला नाही तर रोज पाच हजारांपर्यंत चढत जातो.

या पत्रात आपलं नाव, इस्पितळाचं नाव, गावाचं नाव मी घातलेलं नाही. अर्जात तिन्ही आहेत.

कळावे. पुढे कळवू नये.

आपला,
काउंटरच्या अलीकडचा एक