डेनचं वकीलपत्र

कादंबरीतल्या एका पोराची बाजू घेतली म्हणून स्वतःच्या घरात आपला चारचा चहा बंद होईल, असं बँकेतून निवृत्त होताना मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्यालाच बसवून चहा पाजला असता. पण झालं खरं तसंच. बरं, तो पोरगा आपल्या नात्यातला नाही, जातीतला नाही, आणि तो ज्या देशात राहतो तो देश तर नकाशावरसुद्धा नाही.

आमची पुतणी हिंजवडीला नोकरी लागल्यापासून आमच्याकडे राहते. रविवारी तिच्या मैत्रिणी येतात, हॉलमध्ये चटई टाकून बसतात, आणि पोह्यांचं पातेलं रिकामं होईपर्यंत ‘झेडन, झेडन’ असा गजर चालतो. सुरुवातीला मला वाटलं, ऑफिसातला कुणी बडा साहेब असावा. ‘झेडनसाठी मी काहीही करीन’ असं एकीच्या तोंडून ऐकलं तेव्हा पगारवाढीचे दिवस होते, त्यामुळे पोरीला व्यवहार कळतो असं मी मनातल्या मनात कौतुकही केलं. मग दुसरी म्हणाली, ‘खरं सांगू? मला त्याच्यापेक्षा तिचा ड्रॅगन आवडतो.’ मी चष्मा पुसायला घेतला.

चौकशी केली तेव्हा कळलं की हे सगळं ‘फोर्थ विंग’ नावाच्या कादंबरीतलं. लेखिका रिबेका यारोस, अमेरिकेची, नवरा सैन्यातून निवृत्त झालेला. पुस्तक आलं मे 2023 मध्ये. नायिका व्हायोलेट सोरेनगेल हिचं सगळं आयुष्य पुस्तकांत गेलेलं, तिला दप्तरखान्यात लेखनिक व्हायचंय. पण आई पडली सेनापती, ती उचलून पोरीला ड्रॅगनस्वारांच्या बसगायथ कॉलेजात घालते. तिथे प्रवेश म्हणजे एका अरुंद कठड्यावरून चालत पलीकडे जायचं, पडला तो मेला. आमच्या पिढीत पोरांना इंजिनिअरिंगला असंच घालत, त्यामुळे एवढं मला लगेच समजलं.

समजेना ते वाचणाऱ्यांचं. जानेवारी 2025 मध्ये या मालिकेचा तिसरा भाग ‘ऑनिक्स स्टॉर्म’ आला, तेव्हा अमेरिकेतली दुकानं मध्यरात्री उघडली, बायका काळे पोशाख करून रांगेत उभ्या राहिल्या, आणि पहिल्या आठवड्यात 27 लाखांवर प्रती खपल्या. सत्तावीस लाख! आमच्या सोसायटीच्या वाचनालयात दिवाळी अंकसुद्धा वर्गणी बुडवून वाचतात. पुतणीकडे पहिल्या भागाच्या दोन प्रती आहेत. एकीच्या पानांच्या कडा रंगवलेल्या, तिला कुणी हात लावायचा नाही, दुसरी वाचायची. मी म्हटलं, वाचायची ती मला दे. तिने जरा विचार केला. ‘काका, त्यात मिरची आहे हं,’ असं म्हणून तिने पुस्तक दिलं. ही मंडळी पुस्तकातला शृंगार मिरच्यांत मोजतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, ‘मला कोल्हापुरी चालतं.’ पोरी खो खो हसल्या. आपला विनोद एवढा चांगला झाला कसा, याचं मला जरा नवलच वाटलं.

पुस्तकाला कव्हर घातल्याशिवाय वाचायचं नाही ही आमच्या घरची रीत. कालनिर्णयचं जुनं पान काढून, कोपरे दुमडून मी झकास कव्हर घातलं. तारखांची बाजू आत गेली, वर मागची बाजू आली, तिच्यावर अळुवडीची कृती होती. ही गोष्ट पुढे महागात पडायची होती.

वाचायला लागलो आणि खरं सांगतो, रमलो. पहिल्याच प्रकरणात जीव मुठीत. आणि मग मला तो भेटला, डेन एटॉस. व्हायोलेटचा लहानपणापासूनचा मित्र, दिसायला बरा, नियमांचं पुस्तक तोंडपाठ, आणि पोरगी कॉलेजात आलेली पाहून याचा जीव नुसता टांगणीला. तू इथून निघ, हे तुझ्या कुडीला झेपायचं नाही, मी तुला लपवून दप्तरखान्यात पोचवतो, असं तो कळकळीने सांगत राहतो. उलट हा झेडन रायरसन! याच्या बापाला बंडखोर म्हणून नायिकेच्या आईनेच मृत्युदंड दिलेला, म्हणजे दोन घरांत उभं वैर. अंगभर गोंदण, तोंडात सरळ शब्द नाही, सावल्या हवेत नाचवतो. असं स्थळ सांगून आलं तर आपण पत्रिका तरी घेऊ का?

त्या रविवारी मी चटईच्या कडेला खुर्ची ओढली आणि निम्म्या पुस्तकाच्या बळावर डेनचं वकीलपत्र घेतलं. म्हटलं, जबाबदार आहे, संस्कारी आहे, मुलीच्या भल्याचंच बोलतोय, आणि तुम्ही पोरी मात्र त्या गोंदणवाल्यावर भाळलात. बोलताना मला चांगलाच चेव चढला होता. दिवाणखान्यात अशी शांतता मी ताळेबंद समजावून सांगतानाही कधी अनुभवली नव्हती. पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. पुतणीने अगदी मऊ आवाजात विचारलं, ‘काका, कुठपर्यंत आलात?’

‘निम्म्यापर्यंत.’

‘मग बोला, बोला. आम्ही ऐकतोय.’

त्यांच्यात एक जरा अबोल मुलगी आहे. तिचे सांधे हात नुसता वर केला तरी निखळतात. ती झेडनबद्दलही बोलत नाही नि डेनबद्दलही. तिचं बोट नेहमी एकाच पानावर, जिथे व्हायोलेटला ड्रॅगनच्या पाठीवर टिकून राहता यावं म्हणून खोगीर मिळतं. यारोस यांना स्वतःला सांध्यांचा तसाच आजार आहे आणि तो त्यांनी नायिकेला दिलाय. ती मुलगी मला म्हणाली, ‘काका, तिला जादूने बरं नाही केलं. खोगीर दिलं.’ यावर मी काहीतरी शहाणपणाचं बोलायला तोंड उघडलं आणि, आयुष्यात क्वचितच घडतं ते घडलं, मिटलं.

पण डेनचा विषय स्वयंपाकघरात पोचला होता. हिने ते पुस्तक फोनवर माझ्या आधीच संपवलं होतं. मला वाटत होतं, रात्री जागून ही भावगीतं ऐकते. ‘अहो,’ ती आतूनच म्हणाली, ‘मी लुना घ्यायची म्हणत होते तेव्हा काय म्हणाला होतात तुम्ही?’

मी म्हणालो होतो, कशाला उगाच, पडशील, मी आहे ना सोडायला. आणि मग अनेक वर्षं मला सोडायला वेळ झाला नाही, म्हणून ती डब्याची पिशवी सांभाळत बसच्या रांगेत उभी राहिली. इतक्या वर्षांत हे प्रकरण कधी निघालं नव्हतं. एका अमेरिकन बाईने काढलं.

तेव्हापासून चारला मी स्वतःच आधण ठेवतो.

पुढचं वाचन मी बागेतल्या बाकावर हलवलं. तिथेच पुतणीने सांगितलेली मिरची लागली. सविस्तर सांगत नाही, पण तो प्रसंग चालू असताना नायिकेला आवरेनाशी होऊन खोलीत वीज खेळते आणि फर्निचरची धूळधाण उडते. यावर जगभरच्या वाचकांना काय काय वाटलं ते पोरींच्या तोंडून अर्धवट कानावर होतंच. मला वाटलं, लाकूड सागवानी होतं का? हल्ली सुतार नुसता बघायला यायचे पैसे घेतो, आणि ते होस्टेलचं फर्निचर म्हणजे भरपाई शेवटी पोरीच्या आईच्याच गळ्यात. असा हिशेब करत मी बसलो होतो आणि तरीही कान गरम झाले होते, तेवढ्यात शेजारी आमच्या खालच्या मजल्यावरचे इंजिनिअरसाहेब येऊन टेकले.

‘घाम फुटलाय तुम्हाला. काय वाचताय एवढं?’ त्यांनी वाकून कव्हर पाहिलं. ‘अळुवडी?’

‘पाककृतींचं आहे.’ दुसरं काय सुचणार?

‘एवढं जाड?’

‘तिखटाचे प्रकार आहेत सगळे.’

‘वा! आमच्या हिला द्या वाचायला.’

संपलं की देतो म्हणून मी निसटलो. आणि मग पुस्तक संपलं. डेनला म्हणे एक सिद्धी असते. समोरच्याच्या चेहऱ्याला हात लावला की त्याच्या आठवणी वाचता येतात. हा आमचा संस्कारी मुलगा काळजीच्या नावाखाली व्हायोलेटच्या गालांवर हात ठेवतो, तिला न विचारता तिच्या डोक्यातलं गुपित काढून घेतो, ते आपल्या बापाच्या कानी घालतो, आणि तेवढ्यावरून सगळे मरणाच्या दारात जाऊन पोचतात. लियाम नावाचा फार गुणी पोरगा त्यात जातो. त्याच्यासाठी पोरी अजून डोळे पुसतात. मी ज्याचं वकीलपत्र घेतलं होतं तो आरोपी निघाला, आणि मला सोडून साऱ्या कोर्टाला ते पहिल्यापासून ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी मी बँकेत काम असल्याचं सांगून घराबाहेर पडलो. रविवारी. निवृत्त माणूस.

परत आलो तर पुस्तक जागेवर नव्हतं. ‘खालच्या वहिनी आल्या होत्या,’ ही म्हणाली, ‘यांच्याकडे तिखटाच्या पाककृतींचं पुस्तक आहे म्हणे. मी दिलं.’ कव्हरसकट दिलं, आणि देताना तिच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नसणार, हे मी पैजेवर सांगतो.

त्यानंतर मी जिना सोडून लिफ्ट वापरू लागलो. खालच्या मजल्यावर ती न थांबो एवढीच प्रार्थना. पण बागेत इंजिनिअरसाहेबांनी गाठलंच. चेहरा गोंधळलेला.

‘एक विचारू? आमची ही स्टुलावर चढून माळ्यावरची कढई काढत होती. मी म्हटलं, उतर, पडशील, वॉचमनला बोलावतो. तर वरूनच म्हणाली, ‘अहो डेन, बाजूला व्हा.’ हा डेन कोण?’

मला त्यांच्याबद्दल माया वाटली. ‘त्या पुस्तकातला मुलगा आहे,’ मी म्हटलं. ‘चांगल्या घरातला. नियमाने वागणारा, सारखी काळजी करणारा.’

साहेब खुलले. शर्टाची कॉलर नीट करत म्हणाले, ‘असं होय! मला वाटलं, काही वावगंच बोलली. घरी गेल्यावर तिच्याच तोंडून ऐकतो, काय आवडलं तिला त्याचं.’

‘वहिनी कुठपर्यंत आल्यात?’

‘निम्मं झालं म्हणत होती.’

‘मग आजच विचारा,’ मी म्हटलं. ‘उद्यावर टाकू नका.’