‘फ्रॉम’ कुठे बसवायचा?

सोसायटीच्या फळ्यावर सेक्रेटरींनी नोटीस लावली: ‘विच फ्लॅट इज द वॉटर कमिंग फ्रॉम?’ दुसऱ्या दिवशी निवृत्त हेडमास्तर नानांनी लाल पेनानं ‘फ्रॉम’ शेपटीकडून उचलून डोक्याशी नेऊन बसवला. ‘‘प्रेपोझिशन शेवटी? इंग्रज काय म्हणेल?’’

इंग्रज शतकानुशतकं ते शेवटीच टाकत होता. 1672 साली ड्रायडन या कवीनं बेन जॉन्सनच्या लिखाणात ही चूक काढली. जॉन्सन वारून पस्तीस वर्षं झाली होती. मेलेल्याची वही तपासणं सोयीचं, उलट उत्तर येत नाही. पुढे स्वतःच्या जुन्या निबंधातही तेच सापडलं, तेव्हा 1684 च्या आवृत्तीत ड्रायडननं ती वाक्यं गुपचूप सरळ केली. आपलं इंग्रजी बरोबर आहे का, हे पाहायला हा गृहस्थ वाक्य आधी लॅटिनमध्ये करून बघे. म्हणजे आमटीत मीठ पुरेसं आहे का, हे शेजारणीची कढी चाखून ठरवायचं.

1762 मध्ये रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूनं व्याकरण लिहिलं आणि शेक्सपिअर-मिल्टनलाही लाल रेघा मारल्या. प्रेपोझिशनबाबत मात्र तो मवाळ होता: आपल्या भाषेची ओढच तिकडे आहे, गंभीर लेखनात टाळलेलं बरं, एवढंच. आणि ही ओढ सांगताना त्यानंही प्रेपोझिशन शेवटीच ठेवलं! 1795 मध्ये लिंडली मरे या यॉर्कजवळ स्थायिक झालेल्या अमेरिकन वकिलानं मुलींच्या शाळेसाठी व्याकरण रचलं. त्यात लाउथचं ते वाक्य उचललं आणि प्रेपोझिशन पुढे सरकवून विनोदालाही सोवळं नेसवलं. त्या पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या.

नानांचं दैवत मात्र देशी वळणाचं: रेन अँड मार्टिन. यातले रेनसाहेब मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातले. फ्रेंच परदेशी फौजेवरची ‘बो जेस्त’ (1924) ही त्यांचीच. ती कादंबरी नानांना ठाऊक नाही. व्याकरण मात्र पोथीसारखं लाल फडक्यात असतं. मराठीत शब्दयोगी अव्यय जन्मभर शब्दाच्या मागेच उभं असतं, त्याबद्दल त्यांची तक्रार नाही.

काल त्या शुद्ध नोटिशीखाली कुणीतरी पेन्सिलीनं उत्तर लिहिलं: ‘नानांच्या मोरितून.’

नानांनी लाल पेनानं ‘रि’ दीर्घ केला.