अनिर्णित काका

औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला आलात तर बेलफुलाच्या दुकानांच्या रांगेत एक माणूस गिऱ्हाइकाकडे न बघता परडीत बेलाची पानं मोजताना दिसेल. दहा झाली की "कुंबळे!" म्हणून हात झटकतो. अकरावं पान तुम्ही मागून घ्यायचं. हे आमचे कसोटीकाका.

भारत-पाकिस्तान कसोटी हा त्यांचा विषय. बाकी जग नुसतं सराव करतं. 1952ची दिल्ली, विनू मंकडचे 13 बळी, हे असं सांगतात की चेंडूला थुंकी यांनीच लावली असावी. काकांचा तेव्हा जन्मही नव्हता. लगेचच्या लखनौ कसोटीत फजल महमूदनं 12 बळी घेऊन डावानं परतफेड केली, ती मात्र नारळ सोलता सोलता उरकतात. "ती काय खेळपट्टी होती? तागाची चटई!"

कुंबळेचे दहा बळी ऐकायचे तर टपरीवर. साखरेचा डबा म्हणजे वसीम अक्रम, त्याच्या नाकाशी उपडी बशी म्हणजे लक्ष्मण. पलीकडून श्रीनाथ मुद्दाम बाहेर बाहेर टाकतोय. काका चमचा उडवतात, बशी झेल घेते, टपरीवाला बशी काढून घेतो. वर पुरवणी: "7 फेब्रुवारी 1999. हिंगोली जिल्हा झाला 1 मेला. म्हंजे ही कसोटी आपण परभणी जिल्ह्यात राहून जिंकलो."

पोरं डिवचतात, "काका, 59 कसोट्यांत त्यांच्या 12, आपल्या 9. मागंच की आपण!"

"अन् 38 अनिर्णित, त्या काय पाण्यात गेल्या? शेजाऱ्याशी निकाल कामून पाहिजे रे लेको?"

1954-55च्या पाच आणि 1960-61च्या पाच, दहाही कसोट्या अनिर्णित. नामदेवांच्या कीर्तनासाठी आमच्या गावात देऊळ फिरलं म्हणतात. सामना काही फिरला नाही. पुढं 1978पर्यंत कसोटीच नाही.

निकालाची ही नावड कुठून आली ते गावाला ठाऊक आहे. काकांचा शेजारच्या वावरवाल्याशी बांधावरून दावा चालू आहे. हातभर बांध, त्यावर एक बाभूळ. बाभळीची किंमत वकिलाच्या पहिल्याच फीत फिटली. पण सगळ्या गावात लखनौसकट 59 कसोट्या बसून ऐकणारा माणूस तो एकच. मध्येच "फजलचे बारा सांगा ना आधी" म्हणून टोकतो, तेव्हा काकांना खरा चेव येतो.

शेवटची कसोटी बंगळूरला झाली, डिसेंबर 2007, अनिर्णितच. काकांची वही तिथं थांबली. दाव्याची तारीख मात्र पडली आहे, पोळ्यानंतरची. जाणार दोघं एकाच मोटारसायकलवर, पेट्रोल अर्धं-अर्धं.