आधी ओटीपी, मग नाडी: डिजिटल पेशंटसाठी बालबोध मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका पेशंटसाठी नाही. पेशंट आजारी असतो, त्याला कुठे वाचायला लावता! ती आहे त्याच्याबरोबर जाणाऱ्या माणसासाठी: भाचा, सून, शेजारचा पोरगा, किंवा चाळीतली ती एक बाई, जिला 'दवाखान्यातलं सगळं कळतं'. देशातली आरोग्यसेवा डिजिटल झाली असं आपण वाचतो, आणि ते खोटं नाही. फक्त एका दवाखान्यातली माहिती दुसऱ्या दवाखान्यात पोचवायचं काम अजून बरंचसं तुमच्याकडेच आहे.

साहित्य: आधारला जोडलेलं सिम ज्यात चालू आहे असा फोन, चार्जर, मूळ रेशनकार्ड, त्याच्या चार झेरॉक्स आणि कापडदुकानाची जाड प्लास्टिकची पिशवी. पिशवी आत्ता घडी करून ठेवा, लागणार आहे.

पायरी पहिली: कार्डं ओळखा

तुमच्या हातात तीन कार्डं असतील: आधार, आभा आणि आयुष्मान. तिन्हींची सुरुवात एकाच अक्षराने होते, ती बहुधा नवशिक्यांची परीक्षा घ्यायलाच. आधार बारा आकडी. आभा चौदा आकडी. तुमच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या आरोग्यनोंदी एकमेकींना जोडता याव्यात म्हणून दिलेला हा क्रमांक. १५ ऑगस्ट २०२० ला घोषणा झाली तेव्हा त्याला नुसतं हेल्थ आयडी म्हणायचे. आधी सहा केंद्रशासित प्रदेशांत तो चालवून पाहिला आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' या नावाखाली देशभर आणला. आयुष्मान कार्ड मात्र वेगळं. ते २३ सप्टेंबर २०१८ ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचं, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं. थोडक्यात, आयुष्मान डिजिटल मिशनचा क्रमांक म्हणजे आभा, आणि आयुष्मान कार्डाचा आभाशी संबंध नाही. दोनदा वाचलंत? सगळेच वाचतात.

लक्षात ठेवायचं एवढंच की आभा दाखवून एक रुपयाचंही बिल कमी होत नाही. गावच्या शिबिरात काढलेला, लॅमिनेशन करून पाकिटात जपलेला आभा बिलाच्या खिडकीवर ठेवून "यात पाच लाख आहेत" असं सांगणारे काका प्रत्येक मोठ्या रुग्णालयात भेटतात. त्यांना हसू नका. शिबिरात त्यांना दोन कार्डांतला फरक कोणी सांगितला होता?

महाराष्ट्रात यात आणखी एक भर आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना मुळात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१७ मध्ये तिचं नाव बदललं आणि आता ती केंद्राच्या योजनेला जोडून चालते. कोणत्या योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं हे ठरवणारी संगणकप्रणाली आहेच, पण तिच्यासमोर आरोग्यमित्र नावाचा एक माणूस बसतो. अ‍ॅप उघडण्याआधी तो शोधा. तो जेवायला गेला असेल तर वाट पाहा. रेशनकार्डावर 'सुमनबाई' आणि आधारवर 'सुमन' असेल तर त्यातून वाट काढायची कशी, हे कोणत्याही अ‍ॅपपेक्षा त्याला जास्त ठाऊक असतं.

पायरी दुसरी: ओटीपी

"काकू, ओटीपी आला का?"
"कुठे?"
"आधारला जो नंबर दिलाय त्यावर."
"तो थोरल्याचा आहे."
"मग थोरल्यांना लावा फोन."
"तो कंपनीत आहे. फोन गेटवर जमा करून घेतात."

नवशिक्यांचा सगळ्यात मोठा मुक्काम इथेच पडतो. ओटीपीची मुदत मिनिटांची असते, थोरल्याची शिफ्ट आठ तासांची. धाकट्याला फोन करा, त्याने थोरल्याच्या सुपरवायझरला करावा, सुपरवायझरने गेटवर माणूस पाठवावा. हे सगळं जमून मेसेज आलाच तर त्यात लिहिलेलं असतं की हा क्रमांक कोणालाही सांगू नका. यानंतर तो क्रमांक फोनवरून ऐकून, खिडकीतून आत, ओळीतल्या सर्वांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगायचा असतो. मागचे लोक मदत म्हणून तो पुन्हा एकदा म्हणतात.

बोटांच्या ठशांचाही पर्याय असतो. पण आयुष्यभर भांडी घासलेल्या किंवा विटा वाहिलेल्या बोटांवर मशीन सहसा विश्वास ठेवत नाही. तेव्हा खरा सल्ला असा: घरातले सगळे धडधाकट असताना एक दिवस काढा, आधार केंद्रावर जा आणि म्हाताऱ्या माणसांच्या आधारला, रोज त्यांच्यासोबत घरात असणाऱ्याचा नंबर जोडून घ्या. परगावच्या कर्तबगार मुलाचा नको.

पायरी तिसरी: क्यूआर कोड

ही पायरी सोपी आहे आणि खरोखर चांगली आहे. ऑक्टोबर २०२२ पासून 'स्कॅन अँड शेअर' नावाची सोय आली. ओपीडीच्या भिंतीवरचा कोड फोनने टिपला की नाव, वय, पत्ता आपोआप जातं आणि मोबाइलवर टोकन येतं. केसपेपरच्या ओळीत तासभर उभं राहून आडनाव तीनदा सांगण्याची कटकट संपते. मिळणारा वेळ डॉक्टरांच्या दाराबाहेरच्या ओळीत वापरावा. ती ओळ तेवढीच आहे, कारण क्यूआर कोडमुळे डॉक्टर वाढत नाहीत.

पायरी चौथी: पडद्यावरचे डॉक्टर

गावच्या उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. (हा तिसरा आयुष्मान. मोजत राहा.) तिथे ई-संजीवनी चालते. मोहालीच्या सी-डॅकने बनवलेली ही सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, टाळेबंदीत एप्रिल २०२० पासून घरबसल्याही मिळू लागली, आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्यावरून दहा कोटी सल्ले देऊन झाले होते. गडचिरोलीत किंवा धडगावच्या डोंगरात राहणाऱ्या माणसाला तज्ज्ञ डॉक्टर दाखवायचा म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि जाण्यायेण्याचं भाडं. तिथे हा पडदा ही चेष्टेची गोष्ट नाही.

वापरण्याची पद्धत: उपकेंद्रात सामुदायिक आरोग्य अधिकारी असतात, गाव त्यांना सीएचओ मॅडम म्हणतं. पेशंटला त्यांच्याशेजारी बसवा, कॅमेऱ्यासमोर तुम्ही बसू नका. डॉक्टरांनी "कुठे दुखतं?" विचारलं की पेशंटला बोलू द्या. "त्यांना ना, गेल्या दिवाळीपासून..." अशी सुरुवात तुम्ही केलीत तर दिवाळी येईपर्यंत नेटवर्क जातं. पोट दाबून बघायचं असेल तर मॅडम दाबतील. ब्लडप्रेशर, साखर, ताप त्याच बघतील आणि डॉक्टरांना सांगतील. पडद्यापलीकडच्या डॉक्टरांना हात नसतात, ते मॅडमचे वापरतात. उपकेंद्रातली ही बाई जाणती असेल तर ई-संजीवनी उत्तम चालते. ती जागा रिकामी असेल तर तुमच्यापुढे उरतो एक व्हिडिओ कॉल.

झोपेच्या गोळ्या मागू नका. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन नियमांनुसार अमली आणि मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या कायद्यात येणारी औषधं सहसा पडद्यावरून लिहून देता येत नाहीत, आणि झोपेच्या बऱ्याच गोळ्या त्यात मोडतात.

पायरी पाचवी: नोंदी जोडा

आता पिशवी काढा.

कागदावर ही योजना सुरेख आहे. तुमच्या नोंदी दिल्लीतल्या कुठल्या गोदामात जात नाहीत. ज्या रुग्णालयात त्या तयार झाल्या तिथेच राहतात. दुसऱ्या डॉक्टरांना हव्या असल्या तर आभामार्फत मागणी येते, तुम्ही फोनवर होकार देता, आणि नोंद तेवढ्यापुरती प्रवास करते. त्यासाठी दोन्हीकडच्या संगणकांची भाषा एक असावी लागते, आणि तशी प्रमाणभाषा ठरलेलीही आहे. अडचण एवढीच की ती भाषा बोलण्याआधी कोणाला तरी माहिती टंकावी लागते. २०१७ साली 'बीएमजे ओपन' या नियतकालिकात ६७ देशांतल्या तपासणीच्या वेळेचा आढावा आला होता. त्यात भारतातल्या प्राथमिक तपासणीला मिळणारा वेळ दोन मिनिटांच्या आसपास निघाला. या दोन मिनिटांत डॉक्टरांनी जीभ बघायची, चिठ्ठी लिहायची आणि वर संगणकात भरायचंही. त्यामुळे चढवलं जातं ते बहुतेकदा चिठ्ठीचं छायाचित्र. डॉक्टरांचं अक्षर पूर्वी फक्त मेडिकलवाल्याला वाचता येत नसे, आता सर्व्हरलाही येत नाही.

म्हणून प्रत्यक्षात देशातला सगळ्यात मोठा आरोग्य-प्लॅटफॉर्म व्हॉट्सअ‍ॅप आहे. त्याचे नियम कोणी लिहिलेले नाहीत पण सगळे पाळतात: एक्स-रे ट्यूबलाइटसमोर धरून फोटो काढा, स्वतःची सावली पडू देऊ नका, 'आईचे रिपोर्ट' नावाचा ग्रुप करा, त्यात मावसभावाने गुड मॉर्निंग टाकलं तर त्याला काढून टाका, रक्ताच्या नात्याचा विचार करू नका. फोटो पाठवून झाले तरी मूळ फिल्म पिशवीत ठेवा. पुढचे डॉक्टर "फोटो नको, फिल्म दाखवा" म्हणणारच.

एका ठिकाणी मात्र नोंद माणसाच्या मागे खरंच चालत जाते, आणि ते सांगायला हवं. क्षयरोगासाठी २०१२ पासून 'निक्षय' हे पोर्टल आहे. खाजगी डॉक्टरांनाही क्षयाचा रुग्ण कळवणं त्याच वर्षी सक्तीचं झालं. मुंबईत औषध सुरू झालेला माणूस रत्नागिरीला गावी गेला तर त्याची नोंद तिकडे वर्ग करता येते. पोषण आहाराचे पैसे एप्रिल २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये आणि नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये थेट बँक खात्यात जमा होतात, खातं चालू असलं तर. इथे जमलं याचं कारण साधं आहे: एकच आजार, ठरलेली औषधं, आणि दार ठोठावून "गोळी घेतली का?" विचारणारा माणूस नेमलेला.

पायरी सहावी: आशाताईंना भेटा

वरचं सगळं भरतं कोण? एका रजिस्टरात गरोदर बाईची नोंद, तीच अ‍ॅपमध्ये, तीच वरिष्ठांच्या ग्रुपवर फोटो काढून, आणि संध्याकाळी "आज किती आभा झाले?" असा मेसेज. आशाताईंना सरकारी पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे. त्यांच्या फोनची बॅटरी संपलेली दिसली तर साहित्यातला चार्जर द्या.

पायरी सातवी: संमती

फोनवर 'परवानगी द्या' असं बटण येतं. नवशिके ते दाबतात. दाबण्याआधी तीन गोष्टी बघा: कोण मागतंय, काय मागतंय, कधीपर्यंत. मुदत तुम्हाला कमी करता येते, दिलेली संमती मागेही घेता येते. हाडाच्या डॉक्टरांना तुमच्या मानसोपचाराच्या नोंदी दाखवायलाच हव्यात असं नाही. हा सगळ्या यंत्रणेतला सर्वांत विचारपूर्वक बनवलेला भाग आहे आणि सर्वांत कमी वापरला जाणारा, कारण फोन भाच्याच्या हातात असतो आणि भाच्याला घरी जायचं असतं. २०२१ साली लसीकरणाच्या वेळी आधार दाखवलेल्या कितीतरी जणांच्या प्रमाणपत्रावर हेल्थ आयडी छापून आला, आणि तो आपण कधी मागितला हे त्यांना काही केल्या आठवेना.

पायरी आठवी: सर्व्हर डाउन

ही पायरी तुमच्या हातात नाही, पण तयारी हवी. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला. नोंदणी, तपासण्यांचे अहवाल, भेटीच्या वेळा, सगळं ठप्प. देशातलं सगळ्यात नावाजलेलं रुग्णालय सुमारे दोन आठवडे कागद आणि रजिस्टरवर चाललं. म्हणून पेशंटचा रक्तगट, चालू औषधं आणि कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे हे एका चिठ्ठीवर ठळक लिहून ती आधारच्या झेरॉक्सला टाचून ठेवा. पेनने, मराठीत चालेल.

नेहमी विचारला जाणारा प्रश्न

आभा नसेल तर उपचार मिळतील का? मिळायलाच हवेत, आभा ऐच्छिक आहे. तरीही एखाद्या खिडकीवर "आधी आभा काढून या" असं ऐकू येईल. वाद घालू नका, आवाज चढवू नका. खिशातलं पेन काढून पुढे करा आणि शांतपणे म्हणा, "तेवढं लेखी द्या." केसपेपर लगेच निघतो.