राखीव बाकाच्या बाजूने एक जाहीर निवेदन

प्रति,
सर गॅरेथ साउथगेट,
माजी मॅनेजर, इंग्लंड फुटबॉल संघ,
यांच्या सेवेशी.

विषय : युरो २०२४ मधील संघनिवडीबाबत.

महोदय,

सदर निवेदन इंग्लंडच्या समस्त फुटबॉलप्रेमींचे आहे. त्यांच्याबरोबर मध्यरात्री साडेबाराला टीव्हीसमोर बसून दुसऱ्या दिवशी कचेरीत पेंगणाऱ्या मुंबई-पुणे-कोल्हापूरकडील सहानुभूतीदारांचाही त्यास पाठिंबा आहे. क्रिकेटमधला मॅनेजर सामानसुमान आणि हॉटेलच्या खोल्या सांभाळतो, तर फुटबॉलमध्ये खेळाडूंची निवड, डावपेच आणि चालू सामन्यातले बदल हे तिन्ही अधिकार त्याच्याच हाती एकवटलेले असतात; निवड समिती नावाची ढाल तेथे नसल्याने शाबासकी आणि शिव्या दोन्ही एकाच पत्त्यावर पोहोचतात. अंतिम सामन्यानंतर दोनच दिवसांनी, १६ जुलै २०२४ रोजी, महोदयांनी राजीनामा दिला आणि पुढे त्यांना ‘सर’ हा किताबही मिळाला, हे निवेदनकर्त्यांना ठाऊक आहे. तथापि अशा तक्रारींना मुदतीचा कायदा लागू होत नाही.

प्रथम डाव्या बाजूविषयी. लेफ्ट बॅक, म्हणजे बचावफळीतील डाव्या कडेचा खेळाडू, आजच्या खेळात नुसता बचाव करत नाही. त्याच्या पुढचा खेळाडू आत वळला की त्याने बाहेरून, रेषेलगत धाव घ्यावी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याची फळी ताणली जाऊन मधली जागा मोकळी होते, अशी अपेक्षा असते. युरो २०२४ साठी जर्मनीला गेलेल्या २६ जणांत या जागेवरचा मूळचा खेळाडू एकच होता, तो म्हणजे ल्यूक शॉ, आणि ते फेब्रुवारीपासून दुखापतीमुळे एकही सामना खेळलेले नव्हते. त्यामुळे ही जागा कीरन ट्रिपियर यांच्याकडे गेली, जे पेशाने राइट बॅक आणि पायाने पक्के उजवे. चेंडू डाव्या कडेला आला की ट्रिपियर थांबत, तो उजव्या पायावर घेत, आणि तोवर समोरची फळी जागेवर येऊन उभी राहिलेली असल्याने निमूटपणे मागे देत. हे दृश्य पहिल्या तीन सामन्यांत इतक्या वेळा घडले की प्रेक्षकांना ते पाठ झाले. ट्रिपियर यांच्यापुढे उभे केलेले फिल फोडेन हे त्या मोसमात प्रीमियर लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरलेले. पण त्यांचा पिंड मध्यभागी खेळण्याचा, म्हणून ते आत सरकत. तेथे ज्यूड बेलिंगहॅम आधीपासून असत आणि आघाडीवर राहायचे ते हॅरी केन चेंडू मिळेना म्हणून खाली उतरत, त्यामुळे मध्यभागी पहिल्या पंगतीला व्हावी तशी रेटारेटी होई आणि डावा पट्टा मात्र रिकामा राही. त्या पट्ट्यात धावणे हाच ज्यांचा धंदा, ते अँथनी गॉर्डन बाकावर बसून हे सारे पाहत होते. संपूर्ण स्पर्धेत त्यांना संधी मिळाली ती स्लोव्हेनियाविरुद्ध, सामना संपता संपता, काही क्षणांपुरती.

मधल्या फळीची कथा याहून उद्बोधक आहे. डेक्लन राइस यांच्या जोडीला कोण, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी महोदयांनी प्रत्यक्ष स्पर्धा हीच प्रयोगशाळा मानली. सर्बिया आणि डेन्मार्क यांच्याविरुद्ध तेथे ट्रेंट अलेक्झांडर-अर्नॉल्ड होते, जे क्लबासाठी मुख्यतः राइट बॅक म्हणून खेळत. स्लोव्हेनियाविरुद्ध कॉनर गॅलाघर आले आणि मध्यंतरालाच गेले. त्यानंतर कुठे १९ वर्षांच्या कोबी मेनू यांचा क्रमांक लागला आणि तेच अंतिम सामन्यापर्यंत टिकले. मेनू काही जर्मनीत अचानक सापडलेले नव्हते. मार्चमध्ये बेल्जियमविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात त्यांना सुरुवातीपासून खेळवणारेही महोदयच होते. तरीही डेन्मार्कशी १-१ अशी बरोबरी झाल्यावर, मधल्या फळीतील कॅल्विन फिलिप्स यांना साजेसा पर्याय मिळाला नसल्याची खंत महोदयांनी जाहीरपणे बोलून दाखवली. फिलिप्स यांना मँचेस्टर सिटीने फारसे खेळवले नव्हते आणि खुद्द महोदयांनीही चमूत घेतले नव्हते. गैरहजर माणसाची इतकी आठवण काढण्याआधी हजर असलेल्यांकडे एकदा वळून पाहायला हरकत नव्हती.

निवेदनाचा खरा मुद्दा बाकाचा आहे. बदली खेळाडूंविषयी सर्वसाधारण समज असा की, निवडलेले अकरा जण दमले किंवा चुकले तर त्यांची जागा घेणारे हे दुय्यम लोक. इंग्लंडच्या बाबतीत मात्र सामन्याचा निकाल वारंवार याच लोकांनी लावला. स्लोव्हाकियाविरुद्ध पराभव दाराशी येऊन ठेपला असताना बेलिंगहॅम यांनी भरपाई वेळेच्या पाचव्या मिनिटाला उलटी कात्री मारून बरोबरी साधली, आणि जादा वेळ सुरू होताच केन यांनी जो निर्णायक गोल केला त्याचा पास दिला आयव्हन टोनी यांनी, ज्यांना ९० मिनिटे उलटून गेल्यावर मैदानात धाडण्यात आले होते. स्वित्झर्लंडविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये, म्हणजे बरोबरी न सुटल्यास प्रत्येकी पाच फटक्यांनी लावायच्या निकालात, गोल करणाऱ्या पाचांपैकी कोल पामर, टोनी आणि शेवटचा फटका मारणारे अलेक्झांडर-अर्नॉल्ड असे तिघे बाकावरून उठून आलेले होते. नेदरलँड्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ८१व्या मिनिटाला केन आणि फोडेन यांच्या जागी ऑली वॉटकिन्स आणि पामर आले. सामना संपता संपता पामर यांनी पास दिला आणि वॉटकिन्स यांनी गोल केला. बर्लिनच्या अंतिम सामन्यात ७०व्या मिनिटाला आलेल्या पामर यांनी ७३व्या मिनिटाला बरोबरी साधली. (स्पेननेही ८६व्या मिनिटाला एका बदली खेळाडूच्याच, मिकेल ओयारझाबाल यांच्या, पायाने विजय मिळवला, हा योगायोग कडू असला तरी नोंदवणे भाग आहे.)

यावर महोदयांचे चाहते म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे, की योग्य वेळी योग्य बदल करणे हेसुद्धा निवडीचेच कौशल्य. शिवाय लागोपाठ दोन युरो स्पर्धांत, २०२१ आणि २०२४ मध्ये, संघाला अंतिम फेरीत नेणारा इंग्लंडचा दुसरा मॅनेजर नाही, आणि घराबाहेरचा अंतिम सामना तर इंग्लंडच्या पुरुष संघाने त्यापूर्वी कधी खेळलाच नव्हता. निवेदनकर्त्यांची पंचाईत नेमकी येथे होते, कारण निकाल डोळ्यांसमोर असताना तक्रार टिकवायची म्हणजे कठीण काम; तरी ते नेटाने केले जाते. कोलोनमध्ये स्लोव्हेनियाशी झालेल्या गोलशून्य बरोबरीनंतर महोदयांच्या दिशेने प्लास्टिकचे पेले भिरकावले गेले तो प्रकार मात्र सर्वस्वी निषेधार्ह होता. पण डाव न बसल्यावर तासाहून अधिक वाट पाहायची आणि मग पामर यांना उठवायचे, हा क्रम महोदयांना एवढा प्रिय होता, तर पहिल्या मिनिटापासूनच तसे करून पाहण्यात कोणता धोका होता, याचे उत्तर बर्लिनच्या रात्रीही मिळाले नाही.

सबब विनंती की, महोदयांनी पुढेमागे कोणत्याही संघाची धुरा स्वीकारल्यास प्रथम बाकाची यादी करावी आणि मग तिच्यातील नावे वरच्या यादीत का नाहीत, हे स्वतःला विचारावे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपले नम्र,
इंग्लंडचे समस्त प्रेक्षक

ता. क. : स्पर्धेच्या काळात गॉर्डन यांच्या हनुवटीला आणि तोंडाला खरचटले ते विश्रांतीच्या दिवशी सायकलवरून पडल्यामुळे, मैदानावर पडण्याइतका वेळ त्यांना देण्यात आला नव्हता.