वाहन : निरंक

निवडणूक आली की आम्ही उमेदवारांची शपथपत्रं वाचतो. छंद आहे. जंगम मालमत्तेत ठेवी, शेअर, सोनं. स्थावरमध्ये बंगला, बिनशेती भूखंड, दोन तालुक्यांत शेती. व्यवसाय अर्थातच शेती व समाजसेवा. बेरीज ऐंशी कोटी. आणि मध्येच एका ओळीत : मोटार वाहने – निरंक.

ऐंशी कोटींचा धनी, आणि दारात साधी लूना नाही! वहिनीसाहेबांना एसटीत निदान अर्धं तिकीट आहे. साहेबांना पासष्टी गाठेपर्यंत पूर्ण तिकीट काढून उभ्यानं जावं लागत असणार. त्याच रकान्यात विमान, नौका आणि जहाजाचीही चौकशी असते. तिथंही निरंक. गेल्या लग्नसराईत हेलिकॉप्टर कुणाच्या शेतात उतरलं, ते वाऱ्यालाच ठाऊक.

अर्ज भरायच्या दिवशी कचेरीच्या शंभर मीटरच्या आत तीनच गाड्या सोडतात, म्हणून साहेबांच्या उरलेल्या सदतीस गाड्या दोरीबाहेर उभ्या होत्या. पुढच्या पांढऱ्या गाडीतून साहेब उतरले आणि गाडी नसल्याचं शपथेवर सांगायला आत गेले. मग ही गाडी कुणाची? कंपनीची. कंपनी कुणाची? चिरंजीव आणि साडू संचालक आहेत. कंपनीचं कार्यालय कुठं? साहेबांच्या बंगल्याच्या तळमजल्यावर, साहेबांनाच भाडं देऊन. गाडीचं कर्ज पतसंस्थेचं, पतसंस्थेचे चेअरमन मेहुणे. डिझेल कंपनीच्या खर्चात, ड्रायव्हर कंपनीच्या पगारावर, विमा कंपनीचा, आणि वर दरसाल गाडीचा घसारा दाखवून करात सवलत. घसारा गाडीचा होतो, साहेबांचा पाच-पाच टर्म होत नाही. थोडक्यात, साहेब या गाडीत निव्वळ प्रवासी आहेत. रस्त्यात भेटले म्हणून कुणीतरी बसवून घेतलं, एवढंच. गेली वीस वर्षं.

इथपर्यंत हसू येतं. पण आता दुसरा कागद काढा. लाडक्या बहिणीला महिन्याला दीड हजार रुपये मिळतात. अट अशी की कुटुंबात कुणाच्याही नावावर ट्रॅक्टर सोडून चारचाकी नको. २०२५ मध्ये या अटीची पडताळणी निघाली आणि ती अंगणवाडी सेविकांच्या गळ्यात घातली. आधीच पोरांचं वजन, पोषण आहार, सर्वेक्षणं. त्यात आता दारोदार जाऊन ‘ताई, तुमच्याकडे चारचाकी आहे का हो?’ चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या पोरानं भाजी आणायला कर्जावर जुनी ओम्नी घेतली की बाई श्रीमंत! ती गाडी त्याच्या नावावर आहे, कारण त्याला कंपनी काढायला कुणी शिकवलं नाही. चारचाकीच्या या एका निकषावर ती अपात्र आणि साहेब पात्र. बाकीच्या निकषांवर अडतात, नाहीतर वहिनीसाहेबांचा अर्ज बिनतक्रार मंजूर झाला असता.

मोटारगाडी मोजायची सवय सरकारला नव्हती असं नाही. संपत्ती कर होता. त्यात गाडी, दागिने, बोट, विमान सगळं धरलं जाई. २०१५ च्या अर्थसंकल्पात तो रद्द झाला आणि बड्या उत्पन्नावर अधिभार वाढवला गेला. कारण काय दिलं, तर वसुलीची यातायात फार आणि हाती पडतात वर्षाला जेमतेम हजार कोटी. अहो, रकान्यात निरंक लिहिलेलं चालवून घेतलं तर हाती पडणार काय? पण श्रीमंताची गाडी मोजणं महाग पडतं हे ज्यांना तेव्हा उमगलं, त्यांच्याच जातकुळीच्या राज्यकर्त्यांना गरिबाची ओम्नी शोधायला गावोगाव माणसं धाडणं मात्र स्वस्त वाटतं. दीड हजारासाठी! आणि हे नियम करतं कोण? ज्यांच्या नावावर गाडी नाही, ते. २०२२-२३ मध्ये देशातली चाळीस टक्के संपत्ती वरच्या एक टक्का लोकांकडे होती, असा हिशेब काही अर्थतज्ज्ञांनी मांडला आणि भारतातली आकडेवारी फार कच्ची आहे, असंही बजावलं. कच्ची असणारच. पक्की करायला तिथं कुठली सेविका जाते?

खोटं शपथपत्र दिलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद कायद्यात आहे. साहेबांना तिची भीती नाही, कारण त्यांनी अक्षरही खोटं लिहिलेलं नाही. गाडी त्यांच्या नावावर नाहीच. म्हणून आमची एक किरकोळ मागणी आहे : पुढच्या निवडणुकीच्या आत त्या नमुन्यात ‘वापरातली वाहने’ असा आणखी एक रकाना छापा, आणि त्याच्या पडताळणीला अंगणवाडी सेविकांनाच पाठवा. जादा भत्ता देऊन.