चिक्कीकाकांचा टॉलरन्स

मिशिगनातल्या नोव्हायला मराठी माणूस बहुधा गाड्यांच्या धंद्यापायी येऊन पडतो. कुणी ब्रेकवाला, कुणी सीटवाला, कुणी नुसताच मीटिंगवाला. चिक्कीकाका क्वालिटीवाले. परमुलखात गेलेला असा गृहस्थ एखादा पदार्थ धरून ठेवतोच. कुणी थालीपीठ धरतं, कुणी सोलकढी. काकांनी चिक्की धरली.

भारतातून कुणी आलं की लोणावळ्याचं पाकीट आधी त्यांच्यापुढे जातं. मगनलालचं असलं तरी सूट नाही. तुकडा खिडकीच्या उजेडात धरायचा, मग कानाशी नेऊन मोडायचा. ‘टक्’ वाजला तर पास, ‘टप्’ वाजला तर पाक कच्चा. "300 फॅरनहाइट गाठलंच नाही यांनी!" पाहुण्याची झोप तशीच राहते आणि शिकवणी सुरू होते. शेंगदाण्याच्या चिक्कीत दाणा खमंग भाजलेला हवा आणि सालं पाखडलेली हवीत. तिळाची कागदासारखी पातळ लाटलेली हवी. राजगिऱ्याची उपासाला चालते म्हणून कुणी तिच्याकडे नीट बघत नाही, हे त्यांचं जुनं दुखणं. काजूची? "काजू कशातही घाला, चांगलाच लागतो. त्यात कसब काय?" चॉकलेट चिक्कीचं नाव निघालं की ते नुसते डोळे मिटतात.

अमेरिकन मालालाही हाच न्याय. पीनट ब्रिटलमध्ये सोडा घालून पाक जाळीदार करतात, म्हणजे "हवेचे पैसे घेतात". न्यू ऑर्लिन्सच्या पेकन प्रलीनमध्ये लोणी आणि साय, म्हणून ती मऊ. "छान आहे, पण बर्फीच्या खात्यात टाका."

संक्रांतीला चिक्की करतात मात्र काकू. इथे चिक्कीचा गूळ हमखास मिळेलच असं नाही, साधा गूळ नीट आळत नाही, म्हणून त्या थोडी साखर घालतात. काका थर्मामीटर धरून उभे. काकूंनी पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकला, बोटांनी मोडून पाहिला आणि गॅस बंद केला.

"अगं, 285च झालेत! अजून पंधरा!"

"अहो, तुमचे पंधरा होईस्तोवर गूळ जळेल. लाटण्याला तूप लावा."

लाटून झाल्यावर काका ताट घेऊन डेकवर गेले, बर्फात ठेवून निवण्याचा वेग समजावू लागले, आणि गरम असताना वड्या पाडायच्या राहिल्या. अखंड फरशी तयार! काकूंनी मुकाट्याने बत्ता काढला. मंडळाच्या कार्यक्रमात त्या ओबडधोबड तुकड्यांवर ‘यात शेंगदाणे आहेत’ अशी चिठ्ठी लागली. इथे शेंगदाण्याच्या ॲलर्जीची धास्ती फार.

काका स्वतः चिक्की चावत नाहीत. दाढेवर क्राउन आहे, डेंटिस्टने कडक खाणं बंद केलंय. तुकडा गालात धरून ते कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, "जरा इथे, माझ्या कानाजवळ चावा बरं."